प्रकल्प नोंदी: ‘बॉम्बेएन्सिस’ नावाच्या बेडकाचा मागोवा

२६ मे २०२४

उत्तर सह्याद्रीतल्या उभयचरांची मराठी सूची करायचं काम आता खऱ्या अर्थाने सुरू झालं. गटातल्या लोकांच्या वह्या, फोटोंचे फोल्डर, जुन्या सहलींचे अहवाल, सगळं एका तक्त्यात आणलंय. बहुतेक नावं सरळ बसली. अडलं ते झुडूपबेडकांपाशी, म्हणजे पावसाळ्यात कारवीवर, करवंदीच्या जाळीत, रस्त्याकडेच्या झुडपात बसून रात्रभर ओरडणाऱ्या त्या बोटाच्या पेराएवढ्या बेडकांपाशी. निरनिराळ्या वर्षांच्या वह्यांत एकाच प्रकारचा बेडूक ‘इक्सॅलस बॉम्बेएन्सिस’, ‘फिलॉटस बॉम्बेएन्सिस’ आणि ‘राओर्केस्टिस बॉम्बेएन्सिस’ अशा तीन नावांनी येतो. काहींनी नुसतंच ‘बॉम्बे बुश फ्रॉग’ लिहिलंय.

नवीन नाव सगळीकडे चिकटवून मोकळं व्हावं, अशी सूचना आली. मला ती पटली नाही. ज्या वर्षी जे लिहिलं गेलं त्यामागे काहीतरी समज होती, आणि ती समज कशी बदलली हे कळल्याशिवाय जुन्या नोंदीचा अर्थ लागणार नाही. म्हणून ठरवलं की या एका नावाचा पूर्ण इतिहास आधी मराठीत लिहायचा आणि मगच तक्त्याला हात लावायचा.

३० मे

सुरुवात १९१९ पासून. नेल्सन ॲनंडेल यांनी ‘रेकॉर्ड्स ऑफ द इंडियन म्युझियम’च्या सोळाव्या खंडात मुंबई इलाख्यातल्या ओढ्यांकाठच्या काही बेडकांवर छोटा लेख लिहिला. त्यात ‘इक्सॅलस बॉम्बेएन्सिस’ हे नाव पहिल्यांदा आलं. ॲनंडेल त्या वेळी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक होते. संस्था १९१६ मध्ये स्थापन झाली आणि ते तिचे पहिले संचालक.

नमुना मिळाला तो कॅसल रॉकला. हे ठिकाण मुंबईच्या आसपास कुठेही नाही. नकाशावर पट्टी ठेवली तर मुंबईपासून सरळ रेषेत सव्वाचारशे किलोमीटर भरतं. गोव्याकडे उतरणाऱ्या रेल्वेमार्गावर घाटमाथ्यावरचं हे स्थानक, पोर्तुगीज हद्दीच्या अलीकडचं ब्रिटिश भारतातलं शेवटचं. मग ‘बॉम्बे’ का? कारण उत्तर कानडा जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडला होता. ॲनंडेल यांच्या दृष्टीने तो ‘बॉम्बे’चाच बेडूक होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, आज तो कर्नाटकातला उत्तर कन्नड. थोडक्यात, नावातलं बॉम्बे म्हणजे शहर नव्हे, तर एक इलाखा, आणि तो इलाखाही आता उरलेला नाही.

हे आमच्या पानावर ठळक लिहायचं. गटातल्या किमान निम्म्या लोकांचा समज असा होता की हा बेडूक संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सापडला म्हणून त्याला हे नाव मिळालं.

४ जून

आज बराच वेळ ‘प्ररूप नमुना’ समजावून देणारा परिच्छेद लिहिण्यात गेला. सगळ्या इतिहासाचा खुंटा हाच आहे, त्यामुळे घाई केली नाही.

एखाद्या जातीला नाव देताना शास्त्रज्ञ एक विशिष्ट नमुना निवडतो, त्याचं वर्णन करतो आणि तो संग्रहालयात ठेवतो. नाव कायमचं त्या नमुन्याला बांधलं जातं. पुढे कुणी म्हणालं की महाबळेश्वरचे, आंबोलीचे, कोयनेचे बेडूकही ‘बॉम्बेएन्सिस’च आहेत, तर ते एक मत असतं आणि ते चुकू शकतं. कॅसल रॉकच्या त्या बेडकाचं नाव मात्र ‘बॉम्बेएन्सिस’ आहे यात मताचा प्रश्नच येत नाही. म्हणून जिथे नमुना मिळाला त्या जागेलाही महत्त्व येतं. मूळ नमुना खराब झाला, हरवला, किंवा जुन्या वर्णनातून काहीच ठरवता आलं नाही, तर लोक त्याच जागी परत जातात आणि तिथले बेडूक तपासतात.

नमुना हरवणं ही काही कल्पनेतली अडचण नाही. बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजातले प्राध्यापक सी. आर. नारायण राव यांनी १९३७ मध्ये दक्षिण भारतातल्या अनेक नव्या बेडकांची वर्णनं प्रसिद्ध केली. त्यांचे प्ररूप नमुने पुढे नाहीसे झाले, आणि त्यांच्या नावांमागचे बेडूक नेमके कोणते हे शोधण्यात नंतरच्या अभ्यासकांची कित्येक वर्षं गेली. काहींचा पत्ता लागला. चिकमगळूर जिल्ह्यातल्या कोट्टिगेहारचा ‘फिलॉटस चॅरियस’ आज ‘राओर्केस्टिस चॅरियस’ म्हणून ओळखला जातो. राव यांच्याकडे परत यायचंय, कारण आमच्या बेडकाचं आजचं आडनाव त्यांच्यावरूनच आलंय.

९ जून

परिभाषेचा निर्णय. वर्तमानपत्रांत ‘प्रजाती’ हा शब्द सर्रास जातीच्या अर्थाने येतो. मराठी विश्वकोशात मात्र ‘प्रजाती’ (जीनस) ही वरची पायरी आणि ‘जाती’ (स्पीशीज) ही खालची. आम्ही विश्वकोशाप्रमाणे जाणार: राओर्केस्टिस ही प्रजाती, बॉम्बेएन्सिस ही जाती. पानाच्या सुरुवातीला एकदा सांगायचं आणि पुढे न डगमगता वापरायचं.

१५ जून

प्रजातीच्या नावाचा प्रवास लावायला बसलो. हा सगळ्यात गुंतागुंतीचा आणि मला सगळ्यात आवडलेला भाग.

गोष्ट जावा बेटावरच्या एका बेडकापासून सुरू होते. श्लेगेल यांनी १८३७ मध्ये त्याला ‘हायला ऑरिफॅसिएटा’ म्हटलं. वर्षभरात, १८३८ मध्ये, चुडी यांनी त्याच्यासाठी वेगळी प्रजाती केली आणि नाव दिलं ‘ऑर्केस्टिस’, म्हणजे ग्रीकमध्ये नर्तक. पण हे नाव आधीच घेतलेलं होतं. इलिगर यांनी १७९८ मध्येच ते उड्या मारणाऱ्या सोंडवाल्या भुंगेऱ्यांना दिलं होतं. प्राण्यांच्या नामकरणात दोन प्रजातींना एकच नाव चालत नाही, मग एक कीटक असो आणि दुसरा बेडूक. आधीचं राहतं, नंतरचं जातं.

मग १८४१ मध्ये द्युमेरिल आणि बिब्रों यांचं ‘इक्सॅलस’ आलं. त्याचंही तेच झालं. ओगिल्बी यांनी १८३७ मध्ये ते नाव एका सस्तन प्राण्याला देऊन ठेवलं होतं. १८४८ मध्ये गिस्टेल यांनी ऑर्केस्टिसच्या जागी ‘फिलॉटस’ हे तिसरं नाव दिलं आणि ते मात्र मोकळं होतं.

म्हणजे नियमाने पाहिलं तर ‘इक्सॅलस’ जन्मापासूनच बाद. तरीही भारतात ते पाऊणशे वर्षांहून जास्त काळ चाललं. जर्डन यांनी १८५३ मध्ये ‘इक्सॅलस ग्लँड्युलोसस’ लिहिलं. बूलेंजर यांनी ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेतल्या सरपटणाऱ्या व उभयचर प्राण्यांच्या १८९० च्या खंडात हेच नाव ठेवलं, आणि तो खंड पुढे दोन पिढ्या सगळ्यांच्या हाताशी होता. ॲनंडेल १९१९ मध्ये त्याच वाटेने गेले. आमच्या जुन्या वहीतला ‘इक्सॅलस’ही बहुधा अशाच एखाद्या जुन्या यादीतून उतरला असणार. त्यामुळे ती नोंद अज्ञानाची म्हणून खोडायची गरज नाही. लिहिणाऱ्यासमोर कोणतं पुस्तक होतं हे ती सांगते.

जर्डन यांच्याच त्या १८५३ च्या कामात वायनाडच्या एका झुडूपबेडकाचं नाव ‘फायलोमेड्युसा’ या प्रजातीत प्रश्नचिन्ह टाकून दिलेलं आहे. फायलोमेड्युसा हे अमेरिका खंडातले बेडूक. बोटांच्या टोकाला गोल चकत्या असलेला, झाडावर चढणारा प्राणी कुठे बसवावा याचा अंदाज तेव्हा किती धूसर होता, हे त्या प्रश्नचिन्हावरून कळतं. आणि खात्री नसताना उघडपणे प्रश्नचिन्ह टाकायची त्यांची पद्धत मला आमच्या तक्त्यासाठी हवी आहे.

२१ जून

आज फिलॉटसचा काळ. विसाव्या शतकात बॉम्बेएन्सिस ‘फिलॉटस’ झाला. त्या एका नावाखाली जावा, बोर्निओ, श्रीलंका, पश्चिम घाट, ईशान्य भारत अशा दूरदूरच्या प्रदेशांतले छोटे झाडबेडूक एकत्र होते. त्यांना एकत्र ठेवण्याला एक कारण होतं. यांच्या पिल्लांना पाण्यात पोहणारी डिंभावस्था नसते. अंड्यातच सगळी वाढ होऊन शेवटी शेंगदाण्याहून लहान, पण पूर्ण तयार बेडूक बाहेर येतो. त्यामुळे डबकं लागत नाही, ओलसर पानं, माती, काही जातींत बांबूच्या पेराची पोकळी एवढ्यावर भागतं.

पण सारखी सवय म्हणजे एकच कुळी, असं नसतं. बोस्सुइट आणि द्युबुआ यांनी २००१ मध्ये ‘झेलॅनिका’ या नियतकालिकात फिलॉटसचा मोठा आढावा घेतला: कोणती नावं कुणी दिली, नमुने कुठे आहेत, कोणते हरवले. नंतर डीएनएचे पुरावे साचत गेले आणि भारत-श्रीलंकेचे झुडूपबेडूक जावाच्या ‘खऱ्या’ फिलॉटसपासून वेगळ्या फांदीवर आहेत हे स्पष्ट झालं. फिलॉटस हे नाव जावाच्या बेडकाला बांधलेलं, त्यामुळे घर सोडावं लागलं ते आपल्याकडच्यांना.

२००९ मध्ये दोन गोष्टी जवळजवळ एकत्र घडल्या. बिजू आणि बोस्सुइट यांनी पश्चिम घाटातल्या या बेडकांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यात १२ नव्या जातींची वर्णनं दिली, तेव्हा अजून फिलॉटस म्हणूनच. आणि त्याच वर्षी ली व सहकाऱ्यांनी लॉरेंट यांचं १९४३ मधलं, बरीच वर्षं वापरात नसलेलं ‘स्यूडोफिलॉटस’ हे नाव पुन्हा उभं केलं. त्या नावाची प्ररूप जाती, म्हणजे प्रजातीचं नाव जिला बांधलेलं असतं ती जाती, श्रीलंकेची.

‘फेसाच्या घरट्याचा बेडूक’ हे मराठी नाव काही पानांवर या गटासाठी दिसलं. ते इंग्रजी नावावरून आलंय आणि चुकीचं आहे. फेसाची घरटी करणारे झाडबेडूक वेगळे, मलबार ग्लायडिंग फ्रॉगसारखे, पाण्यावर झुकलेल्या फांदीवर फेस करून अंडी घालणारे. झुडूपबेडूक तसं काही करत नाहीत. हे नाव आमच्या सूचीत येणार नाही.

२९ जून

आज २०१०. एप्रिल-मेच्या सुमारास ‘करंट सायन्स’मध्ये बिजू, शौचे, द्युबुआ, दत्ता आणि बोस्सुइट यांचा लेख आला. मुख्य विषय होता केरळातल्या अनामुडी शिखरावरचा, म्हणजे पश्चिम घाटातल्या सर्वोच्च ठिकाणचा, जमिनीवर राहणारा शेंदरी-लाल बेडूक, ‘रिस्प्लेंडेन्स’. पण त्याला बसवायला योग्य प्रजातीच नव्हती, म्हणून त्याच लेखात नवी प्रजाती केली गेली: राओर्केस्टिस. प्ररूप जाती ठरली जर्डन यांची १८५३ ची ‘ग्लँड्युलोसस’. बॉम्बेएन्सिसही तिथे गेला.

नाव दोन तुकड्यांचं आहे. ‘राओ’ म्हणजे सी. आर. नारायण राव, वर आलेले बंगळुरूचे प्राध्यापक. ‘ऑर्केस्टिस’ म्हणजे चुडी यांचं १८३८ चं नाव, जे भुंगेऱ्यांमुळे बाद झालं होतं. या गटाला मिळालेलं पहिलं नाव १७२ वर्षांनी, सुरुवातीला एका भारतीय अभ्यासकाचं नाव जोडून, परत वापरात आलं. स्वतंत्र ऑर्केस्टिस चालणार नाही, पण राओर्केस्टिस हे वेगळंच नाव असल्यामुळे नियमाचा भंगही होत नाही. नामकरणाच्या कोरड्या नियमांत राहून इतकं देखणं काम करता येतं, हे मला मनापासून आवडलं. आणखी एक गोष्ट: ‘करंट सायन्स’चे पहिले संपादक नारायण रावच होते. १९३२ मध्ये सुरू झालेल्या त्याच नियतकालिकात त्यांच्या नावाची प्रजाती जाहीर झाली. लेखकांनी हे जाणून केलं की योगायोगाने, ते मी ठरवणार नाही, पण पानावर दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी लिहिणार.

राव यांचे नमुने हरवले म्हणून त्यांच्या कामाबद्दल बरेचदा नाराजीच्या सुरात लिहिलं जातं. १९३० च्या दशकात, मोठ्या संग्रहालयाचं पाठबळ नसताना, एका कॉलेजच्या विभागातून पश्चिम घाटातले बेडूक गोळा करून वर्णन करणं हे केवढं काम होतं! ते नाव प्रजातीत कायम झालं ते योग्यच झालं.

प्रजातीची ओळख म्हणून पानावर एवढं ठेवतोय: आकार लहान, साधारण १५ ते ४५ मिलिमीटर. टाळूवर दात नाहीत. नर ओरडताना गळ्याखालची पिशवी एवढी फुगते की ती पारदर्शक दिसते. वावर रात्री किंवा संधिप्रकाशात. पिल्लांना पोहणारी अवस्था नाही. आज या प्रजातीत सत्तरच्या वर जाती आहेत. सर्वात जास्त पश्चिम घाटात, पण ईशान्य भारत आणि पुढे व्हिएतनामपर्यंतही काही आहेत.

७ जुलै

कंसाचा नियम सगळ्यांना समजावून दिला. ‘राओर्केस्टिस बॉम्बेएन्सिस (ॲनंडेल, १९१९)’ असं कंसात लिहिलं की समजायचं, ॲनंडेल यांनी ही जाती दुसऱ्या प्रजातीत वर्णन केली होती. ‘राओर्केस्टिस घाटेई पाध्ये, सय्यद, जाधव व डहाणूकर, २०१३’ यात कंस नाही, म्हणजे जाती जन्मापासून त्याच प्रजातीत आहे. तक्त्यात कंस गाळले गेले होते ते परत घातले. एका कंसात शंभर वर्षांची हकीकत असते, तो टंकताना उडवायचा नाही.

१३ जुलै

आंबोली. धो धो पाऊस, वारा, आणि रात्री नऊनंतर पाऊस जरा ओसरला तसं चहूबाजूंनी ओरडणं सुरू झालं. बेडकांना हात लावायचा नाही, पाने हलवायची नाहीत, दिव्याचा झोत थेट डोळ्यांवर धरायचा नाही, हे आधीच ठरलं होतं. गटातल्या ध्वनिमुद्रण करणाऱ्या ताईंनी प्रत्येक नराचा आवाज आधी टिपला, मग फोटो, मग उंची आणि झुडूप कोणतं ते. सगळ्यांना हाच क्रम लावायचा, कारण फोटो काढल्यावर बेडूक गप्प बसतो.

इथे येण्याचं कारण ‘आंबोली झुडूपबेडूक’. बिजू आणि बोस्सुइट यांनी २००९ मध्ये वर्णन केलेल्या १२ जातींपैकी ही एक: फिलॉटस अंबोली. नाव थेट गावाचं. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत ही जाती ‘अतिसंकटग्रस्त’ गटात आहे.

पण मला तिचा उपयोग वेगळ्या कारणासाठी होता. बॉम्बेएन्सिस राओर्केस्टिसमध्ये गेला, तर अंबोली ‘स्यूडोफिलॉटस’मध्ये. या दोन प्रजाती एकमेकींच्या सख्ख्या बहिणी, एक मुख्यतः भारताची, दुसरी मुख्यतः श्रीलंकेची. स्यूडोफिलॉटसच्या भारतात मोजक्याच जाती आहेत: अंबोली, केरळातली कानी, आणि जर्डन यांनी प्रश्नचिन्ह टाकून ठेवलेली ती वायनाडची जाती. समुद्राची पातळी खाली गेली की भारत आणि श्रीलंका जमिनीने जोडले जात. त्या वाटेने यांचे पूर्वज श्रीलंकेत गेले, तिथे त्यांच्या कितीतरी जाती झाल्या, आणि पुढे एक शाखा परत भारतात आली, असं डीएनएच्या अभ्यासातून दिसतं. आंबोलीच्या झुडपात बसलेला हा दोन-तीन सेंटिमीटरचा बेडूक श्रीलंकेतून परतलेल्या घराण्यातला आहे! जुन्या यादीत तो आणि बॉम्बेएन्सिस दोन्ही नुसते ‘फिलॉटस’ होते. प्रजातीचं नाव बदललं नसतं तर हा इतिहास नावात दिसलाच नसता. जे लोक ‘शास्त्रज्ञ उगाच नावं बदलत बसतात’ म्हणतात, त्यांना मी यापुढे हे उदाहरण देईन.

आंबोली ते कॅसल रॉक सरळ रेषेत सत्तरेक किलोमीटर. म्हणून इथल्या राओर्केस्टिसच्या नोंदींत बॉम्बेएन्सिसची शक्यता खरोखरच विचारात घ्यावी लागते. साताऱ्याच्या डोंगरांतल्या नोंदींचं गणित वेगळं, ते पुढे.

२८ जुलै

२०१३ चा लेख पुन्हा शांतपणे वाचला. ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’मध्ये पाध्ये, सय्यद, जाधव आणि डहाणूकर यांनी महाराष्ट्रातल्या पश्चिम घाटातून राओर्केस्टिस घाटेई ही नवी जाती जाहीर केली. नाव पुण्याच्या मॉडर्न कॉलेजातले प्राणिशास्त्रज्ञ हेमंत घाटे यांच्या सन्मानार्थ. लेखकांनी बाह्य लक्षणांचा एकत्रित संच दिला आणि जनुकीय माहिती उपलब्ध असलेल्या बाकी सगळ्या जातींपासून ही वेगळी आहे हे दाखवलं. शिवाय बेडकाच्या राहणीमानाची निरीक्षणंही जोडली.

आमच्या तक्त्यातली खरी गाठ इथे सुटते, किंवा निदान दिसते. २०१३ पूर्वी ‘घाटेई’ हे नावच नव्हतं. त्यामुळे तोवर साताऱ्याच्या किंवा पुण्याच्या डोंगरात असा बेडूक दिसला तर माणूस हाताशी असलेलं जवळचं नाव लिहिणार, आणि ते नाव बहुतेक वेळा बॉम्बेएन्सिस होतं. महाबळेश्वर कॅसल रॉकपासून सरळ रेषेत सुमारे २९० किलोमीटरवर. झुडूपबेडकांच्या बऱ्याच जाती एखाद-दुसऱ्या डोंगररांगेपुरत्याच असतात, मधली एखादी खोल खिंडही त्यांना पुरेशी वेगळी करते. एवढ्या अंतरावर एकच जाती असेल असं गृहीत धरणं कठीण.

४ ऑगस्ट

बैठक झाली, लांबली. विषय: जुन्या ‘बॉम्बेएन्सिस’चं काय करायचं.

एक मत असं की सातारा, पुणे भागातल्या जुन्या सगळ्या नोंदी ‘घाटेई’ करून टाकाव्यात. गटातल्या ज्येष्ठ सरांनी याला ठाम विरोध केला आणि मी त्यांच्या बाजूने होतो. त्यांचं म्हणणं नेमकं होतं: “जुन्या माणसाने काय पाहिलं ते आपल्याला माहीत नाही, त्याने काय लिहिलं तेवढंच माहीत आहे. ते पुसलं तर हातात काहीच उरत नाही.” आज घाटेई म्हणून बदलू, उद्या त्याच डोंगरातून आणखी एक जाती वेगळी निघाली तर परत काय बदलणार? मूळ शब्द तोवर गेलेला असेल.

दुसरी बाजूही खोटी नव्हती. सूची वापरणाऱ्या शिक्षकाला, विद्यार्थ्याला आज कोणतं नाव म्हणायचं ते हवं असतं. त्याच्यापुढे नुसतं ‘इक्सॅलस’ ठेवून चालणार नाही.

शेवटी तीन रकाने ठरले. पहिला: नोंद करणाऱ्याने लिहिलेलं नाव, त्याच्या स्पेलिंगसकट, कधीही न बदलणारा. दुसरा: आज आम्ही त्याचा काय अर्थ लावतो, कुणी लावला आणि कधी. तिसरा: कशाच्या आधारावर. नुसतं ठिकाण, फोटो, आवाज, की डीएनए. फक्त ठिकाणावरून अर्थ लावला असेल तर नावापुढे प्रश्नचिन्ह. जर्डन यांचीच पद्धत.

आवाजाचा आग्रह मीच धरला. झुडूपबेडकांचा रंग फसवा असतो. एकाच जातीत फिकट पिवळसर, तपकिरी, पट्ट्यांचे, ठिपक्यांचे असे सगळे मिळतात, आणि तोच बेडूक दिवसा आणि रात्री वेगळा दिसू शकतो. मादी नराला ओळखते ती आवाजावरून. म्हणून मोबाइलवरचं साधं ध्वनिमुद्रणसुद्धा, हवेचं तापमान आणि वेळ लिहिलेली असेल तर, चांगल्या फोटोपेक्षा उपयोगी ठरतं.

१८ ऑगस्ट

एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न आला: शहराचं नाव १९९५ मध्ये मुंबई झालं, मग बेडकाचं ‘मुंबईएन्सिस’ का होत नाही? प्रश्न चांगला आहे, पानावर घेतोय.

उत्तर: नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत स्थैर्याला सगळ्यात जास्त किंमत आहे. नाव एकदा नियमानुसार प्रसिद्ध झालं की ते अर्थाने अयोग्य आहे, भूगोल बदलला, किंवा कुणाला आवडत नाही, या कारणांनी रद्द होत नाही. जातीचं नाव ही एक खूण आहे, ते वर्णन असायलाच हवं असं नाही. प्रजाती बदलते कारण ती नात्याबद्दलचं आपलं मत सांगते. जातीचा शब्द टिकतो, त्यामुळे १९१९ चा लेख आणि आजचा तक्ता यांच्यात धागा राहतो. ‘इक्सॅलस’, ‘फिलॉटस’, ‘राओर्केस्टिस’ यांपैकी कशाच्याही पुढे ‘बॉम्बेएन्सिस’ लिहून शोधलं तरी आपण त्याच बेडकापर्यंत पोचतो.

मराठी बोलीनावाला मात्र ही संहिता लागू नाही. तिथे आम्ही मोकळे आहोत. ‘मुंबई झुडूपबेडूक’ म्हटलं की वाचक तो मुंबईत शोधणार. माझा प्रस्ताव ‘कॅसल रॉक झुडूपबेडूक’ असा आहे. दोघांना तो लांबट वाटला. माझ्या मते लांबट असला तरी खरा आहे.

१ सप्टेंबर

नवीन रकान्यांची परीक्षा घ्यायला एक वेगळं उदाहरण चालवून पाहिलं. कुरामोटो आणि जोशी यांनी २००३ मध्ये ‘फिलॉटस ल्युटिओलस’ हे नाव दिलं, कुर्गकडचा पिवळसर बेडूक. २००७ मध्ये गुरुराज आणि सहकाऱ्यांनी मध्य पश्चिम घाटातून ‘फिलॉटस नीलनेत्रस’ वर्णन केला, डोळ्यांतल्या निळ्या कडेवरून नाव, आणि किती सुंदर नाव! पुढे दोन्ही एकच जाती असल्याचं ठरलं. अशा वेळी आधीचं नाव राहतं, म्हणून आज तो राओर्केस्टिस ल्युटिओलस. नीलनेत्रस हे समानार्थी नाव म्हणून यादीत उरलं.

म्हणजे एका नावाखालच्या दोन जाती वेगळ्या होतात तसंच दोन नावांखालची एक जाती एकत्रही येते. आमच्या तक्त्यात दोन्ही प्रकार बसले, काही मोडलं नाही. नीलनेत्रस लिहिलेली नोंद पहिल्या रकान्यात तशीच, दुसऱ्यात ल्युटिओलस. मराठी नाव म्हणून ‘नीलनेत्र झुडूपबेडूक’ ठेवायला कुणाचीच हरकत नव्हती.

१४ सप्टेंबर

पान लिहून झालं, ज्येष्ठ सरांनी तपासून दिलं. त्यांनी दोन ठिकाणी ‘सिद्ध झालं’ खोडून ‘दाखवलं’ केलं, ते मान्य.

तक्त्यातल्या बॉम्बेएन्सिस नोंदींची फेरतपासणी आता अशी उभी आहे: साताऱ्याकडच्या बहुतेक जुन्या नोंदी ‘राओर्केस्टिस घाटेई?’ अशा प्रश्नचिन्हासह, आधार नुसतं ठिकाण. ज्यांचे आवाज आहेत त्या ताईंकडे तुलनेसाठी गेल्या. आंबोली आणि तिलारी भागातल्या ‘राओर्केस्टिस, जाती अनिश्चित’. यातलं काहीही कॅसल रॉकच्या बेडकांचे आवाज शेजारी ठेवल्याशिवाय पुढे सरकणार नाही. त्या भागातल्या जंगलात रात्री काम करायला कर्नाटक वनखात्याची परवानगी लागते. अर्जाचा मसुदा तयार आहे. अर्जात आम्ही फक्त ध्वनिमुद्रण आणि फोटो मागितले आहेत, नमुने नाहीत. येत्या पावसाळ्याआधी परवानगी मिळायला हवी, म्हणून अर्ज ऑक्टोबरमध्येच जाईल. तोवर ताई आंबोलीच्या ध्वनिफितींचे आलेख काढतील आणि मी ‘वायनाड’च्या पानाला सुरुवात करतो.